एकसष्ट क्रमांकाचे दही

फ्रीजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डबीशेजारी, जिथे गेले आठ महिने काचेची एक चाचणीनळी उभी असायची, तिथे सकाळी सव्वादहा वाजता अर्धे लिंबू ठेवलेले होते.

निवृत्त प्राध्यापकांनी लिंबू उचलून पाहिले. लिंबाखाली काहीही नव्हते. त्यांनी ते परत ठेवले, दार लावले, क्षणभर थांबून पुन्हा उघडले. जणू मधल्या काळोखात हरवलेली वस्तू ओशाळून जागेवर येऊन उभी राहील. लिंबू होते. नळी नव्हती.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात छत्तीस वर्षे शिकवून प्राध्यापक निवृत्त झाले, त्या दिवशी निरोप समारंभात मिळालेले घड्याळ आणि फुलांचा गुच्छ ते टेबलावरच विसरले होते. ही नळी मात्र रुमालात गुंडाळून, छातीशी धरून त्यांनी घरी आणली होती. तळाशी बोटभर साकळलेले दूध, तोंडाला कापसाचा बोळा आणि अंगावर त्यांच्या अक्षरातला आकडा: ६१. त्या दुधात त्यांच्या आयुष्याची एकुलती एक कमाई नांदत होती. ते होते दही लावणाऱ्या जंतूंचे एक वाण. उमेदीच्या वयात, एका ओढ्याकाठी, गवताच्या पात्यावरच्या दवातून त्यांनी ते वेगळे काढले होते. साठ नमुने वाया गेले आणि एकसष्टाव्यात ते सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी कंसासारख्या वाकलेल्या दिसत. पोट बिघडवणाऱ्या जंतूंना ते आपल्या आसपास फिरकू देत नसे; जंतू वाढवायच्या काचेच्या थाळीवर त्याच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे उमटे. त्या कड्याच्या आधाराने एकोणीस शोधनिबंध, चार विद्यार्थ्यांच्या डॉक्टरेट आणि एका पाठ्यपुस्तकाचे सातवे प्रकरण उभे होते. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला ते दवबिंदूची गोष्ट सांगत, आणि सांगताना खिडकीबाहेर पाहत. घरी पत्नी त्या वाणाला ‘सवत’ म्हणत.

आणि आज दुपारी चार वाजता सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालिका स्वतः गाडी घेऊन येणार होत्या. एकसष्टला कायमचा क्रमांक मिळणार होता. प्राध्यापक गेल्यावर, त्यांना ओळखणारे सगळे गेल्यावरही, कुठल्याशा गोठलेल्या कपाटात एका इवल्या कुपीवर त्यांचे नाव राहणार होते. आपल्यामागे काहीतरी उरावे असे माणसाला वाटते. कुणाला नातवंडे पुरतात, कुणाला दारावरची पाटी. प्राध्यापकांना ती कुपी हवी होती. पंधरा दिवस त्यांना धड झोप नव्हती. आणि वाणाला उगाच हलवू नये या तत्त्वापायी तीन आठवडे त्यांनी नळीकडे डोळा वर करून पाहिलेही नव्हते.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “इथली नळी कुठाय?”

“कुठली?”

“एकसष्ट.”

“ती होय. खिडकीत बघा.”

खिडकीत नळी होती. लख्ख घासलेली, पाण्याने भरलेली. तिच्यात पुदिन्याची एक काडी उभी होती आणि काडीला पांढरी, हौशी मुळे फुटली होती.

“आत जे होतं,” प्राध्यापकांचा आवाज खाली आला, “त्याचं काय केलंस?”

“दही लावलं.”

प्राध्यापक स्टुलावर बसले.

“असे बघू नका,” पत्नी हात पुसत म्हणाल्या. “गेल्या बुधवारी माझं विरजण बिघडलं. दूध तापवून तयार, शेजारी कुणी घरात नाही. मग म्हटलं, सवत आठ महिने नुसती बसून खातेय, तिनेही घरात थोडा हातभार लावावा.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्हीच निरोपाच्या भाषणात म्हणाला होतात ना, हे जंतू इतके गुणी आहेत की मी रोज वाटीभर खुशाल खाईन म्हणून? मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. आणि नऊ दिवस तुम्ही तेच तर खाताय. काल दोनदा मागून घेतलंत.”

प्राध्यापकांचा हात नकळत पोटावर गेला. म्हणजे छत्तीस वर्षांची तपश्चर्या त्यांनी स्वतःच संपवली होती, तीही साखर घालून.

“थोडं तरी उरलंय?”

“आपल्याकडचं सकाळीच संपलं. पण एवढं तोंड पाडायला काय झालं? अख्ख्या इमारतीत तेच आहे. वरच्या दंतवैद्यांना एकदा वाटीभर दिलं, तर दुसऱ्या दिवशी दारात रांग. इतकं घट्ट लागतं की चमचा उभा राहतो.”

प्राध्यापक उठले. चेहऱ्यावर रक्त परत आले. वाण मेलेले नव्हते. ते फक्त पांगले होते, आणि पांगलेले गोळा करणे हाच तर त्यांचा धंदा होता. वीस मिनिटांत प्रेशर कुकरमध्ये नऊ नळ्या निर्जंतुक झाल्या. कपाटातून पांढरा कोट निघाला. स्वतःच्या तोंडातले जंतू नमुन्यात पडू नयेत म्हणून त्यांनी मास्क लावला, बोटांवरचे पडू नयेत म्हणून हातमोजे चढवले, आणि एका हातात नळ्या उभ्या ठेवायची घोडी व दुसऱ्या हातात स्पिरिटचा दिवा घेऊन ते जिना चढू लागले. इतका उत्साह त्यांच्या गुडघ्यांना पदवीच्या परीक्षेनंतर आठवत नव्हता.

दंतवैद्यांनी दार उघडले आणि उघडताक्षणीच अर्धे लोटले.

“सर, कुणाला काय झालंय?”

“कुणाला काही नाही. तुमच्याकडचं दही जरा पाहायचं होतं. शक्यतो चमचा न घातलेलं.”

दंतवैद्यांनी मास्ककडे पाहिले, हातमोज्यांकडे पाहिले. आयुष्यभर हीच आयुधे चढवून त्यांनी लोकांना भिववले होते. समोरून ती कशी दिसतात हे त्यांना प्रथमच कळत होते.

“ते आम्ही खाल्लं,” ते हळूच म्हणाले.

“कधी?”

“काल रात्री.”

“म्हणजे किती तास झाले? अंदाजे नको, नीट आठवून सांगा.”

वाणाचे वय कळावे म्हणून हा प्रश्न प्राध्यापक गेली छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना विचारत आले होते. दंतवैद्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “चौदा,” ते म्हणाले.

“बरं. भांडं असेल तसं राहू द्या. कुणी हात लावू नका. मी येतोच.”

प्राध्यापक पुढच्या दाराकडे वळेपर्यंत दंतवैद्यांनी तळमजल्यावर फोन लावला होता. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. इमारतीत त्यांना पाठीमागे सगळे ‘सूचनाफलक’ म्हणत, कारण पाण्याची टाकी धुण्यापासून चपलांच्या दिशेपर्यंत कुठल्याही विषयावर त्यांची सूचना सात मिनिटांत निघे. हीही सगळ्यांच्या फोनवर निघाली. “सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीतील दह्यामध्ये जंतू असल्याचे समजते. प्राध्यापक महोदय संरक्षक पोशाखात घरोघर तपासणी करीत आहेत. सदर दही तत्काळ नष्ट करावे.” शेवटची ओळ सोडली तर त्यात चुकीचे असे काहीच नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचताना प्राध्यापकांना पाण्याचा आवाज ऐकू आला. आधी एका घरातून, मग तीन घरांतून. भिंतींच्या पोटातले सगळे नळ एकाच वेळी बोलू लागले होते.

“टाकून दिलं, सर,” व्यायामशिक्षकांनी दारातच छाती काढून सांगितले. “भांडं उकळत्या पाण्यात घातलं. वर ब्लीच ओतलं. तुम्ही काळजी करू नका.”

“ब्लीच,” प्राध्यापक पुटपुटले.

“अर्धी बाटली. कमी पडली का?”

पुढच्या घरात भांडेच कचऱ्यात गेले होते. त्याच्या पुढच्या घरात कुटुंबातले चौघे रांगेने मिठाच्या गुळण्या करत होते. प्राध्यापक जितके वेगाने जिने चढत, तितक्याच वेगाने एकसष्ट त्यांच्यापुढून पळत होते. त्यांच्या पावलांची चाहूल हीच त्याच्या मरणाची वर्दी ठरत होती. चौथ्या मजल्याच्या वळणावर सूचनाफलक भेटले, हातात फोन.

“ती सूचना आधी मागे घ्या,” प्राध्यापक धापा टाकत म्हणाले.

“घेतो की. दह्यात जंतू नाहीत, असं लिहून द्या.”

“आहेत ना. असायलाच पाहिजेत. एका थेंबात कोट्यवधी असतील.”

सूचनाफलकांचा अंगठा चालू लागला. दुसरी सूचना प्राध्यापकांच्या डोळ्यांदेखत गेली: संख्या कोट्यवधी असल्याचे प्राध्यापक महोदयांनी स्वतः मान्य केले आहे.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहत. शिवताना त्या फोन बंद ठेवत, त्यामुळे जगातल्या घबराटी त्यांच्यापर्यंत संध्याकाळी पोहोचत. प्राध्यापकांना पाहून त्या शिलाईच्या यंत्रापासून उठल्या. यंत्राशेजारी एक वाटी होती, आणि शेवटचा चमचा त्यांनी नुकताच तोंडात घातला होता.

“वाटी,” प्राध्यापक म्हणाले. “वाटी द्या.”

“अहो, चाटूनपुसून खाल्लंय. अशी उष्टी वाटी द्यायला लाज वाटते मला.”

“लाजू नका, बाई. माझं आयुष्य आहे त्यात.”

शिंपीणबाईंनी वाटी दिली. कोट घातलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढे त्या जाणत होत्या.

घरी येऊन प्राध्यापकांनी वाटीच्या कडेचा पुसट ओघळ काचपट्टीवर घेतला, रंगवला आणि आपल्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वाकलेल्या पेशी होत्या. पण बाजारात चुकलेल्या ओळखीच्या चेहऱ्यांसारख्या, इथे एक, तिथे दोन. भोवती गोल, लांबट, साखळीतले असे नाना जातींचे लोक, चमच्यावरून आणि तोंडातून आलेले. यातून एकसष्ट निवडून शुद्ध करायचे म्हणजे चार दिवस. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

त्यांनी विभागात फोन लावला. तिथल्या फ्रीजमध्ये जादाच्या नळ्या होत्या.

“होत्या, सर,” नवे विभागप्रमुख म्हणाले. “गेल्या महिन्यात आम्ही तो फ्रीज काढला. खोलीत आता संगणक आहेत. एकदा मामांना विचारून बघा, ते सगळ्याच गोष्टी जपून ठेवायचे.”

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. कुलगुरूंपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणत. बत्तीस वर्षे त्यांनी प्राध्यापकांच्या नळ्या धुतल्या, दूध निर्जंतुक केले, कापसाचे बोळे वळले, आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले.

“मामा, एकसष्टची एखादी नळी तुमच्याकडे राहिली आहे का?”

 

“किती लागेल, सर?” मामांनी विचारले.

“किती म्हणजे?”

“येतोच घेऊन.”

सव्वातीन वाजता मामा आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात घट्ट, पांढरेशुभ्र दही. प्राध्यापकांनी काही न विचारता त्यातला कण काचपट्टीवर घेतला. डोळा लावला. वाकलेल्या, सगळ्या वाकलेल्या. जांभळ्या कंसांनी भरून गेलेले ते एक अथांग पान होते, आणि त्यात परके अक्षर शोधूनही सापडत नव्हते.

“मामा,” ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, “कुठे होती ही?”

“घरी.”

“फ्रीजमध्ये?”

“ओट्यावर.” मामांनी पिशवीची घडी केली, पुन्हा उलगडली. “सर, तुम्ही जरा बसून घ्या. वहिनी, तुम्हीपण.”

दोघे बसले. मामा उभेच राहिले. प्राध्यापकांसमोर ते कधी बसले नव्हते.

“मी लागलो ते पहिलं वर्ष. मोठ्या सुट्टीत आठवडाभर वीज नव्हती. तुम्ही परिषदेला गेला होतात. परत येऊन बघतो तर एकसष्ट गेलेली. तीनदा ताज्या दुधात घातली, पण दूध दूधच राहिलं. सोमवारी तुम्ही येणार. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. दुपारच्या डब्यात घरचं दही होतं.”



“आणि मग मी काय केलं?” प्राध्यापकांनी विचारले, एखाद्या तिसऱ्याच माणसाविषयी विचारावे तसे.

“तुम्ही सोमवारी बघितलंत. म्हणालात, थोडी भेसळ झालीय, शुद्ध करून घेतो. केलीत. चार दिवसांनी दुर्बिणीला डोळा लावून मला हाक मारलीत. म्हणालात, मामा, बघा, ही आता वाकायला लागली.”

प्राध्यापक उठून कपाटाकडे गेले. पहिल्या शोधनिबंधाच्या पिवळ्या पानावर एकसष्टचे चित्र होते. पेशी काडीसारख्या सरळ. भोवतीचे कडे जेमतेम, नसल्यासारखे. दुसऱ्या निबंधात त्या वाकल्या होत्या आणि कडे बोटभर रुंद झाले होते. प्रयोगशाळेत राहून एखादे वाण आपले रूप आणि सामर्थ्य कसे पालटते, याचे विलक्षण उदाहरण म्हणून तो निबंध गाजला होता. त्यावर त्यांना बढती मिळाली होती.

“सांगणार होतो,” मामा म्हणाले. “पण तुम्हाला बढती मिळाली. मग पहिल्या पोराची डॉक्टरेट झाली. मग पुस्तक आलं. सांगायची गोष्ट दरवर्षी एकेक मजला वर चढत गेली, सर. मला जिना पुरेना.”

“म्हणजे पहिली सवत बिचारी कधीच वारली,” पत्नी म्हणाल्या, “आणि ही दुसरी. मला कुणी कळवलंसुद्धा नाही.”

दवबिंदूची गोष्ट प्राध्यापकांनी किती वर्गांना सांगितली होती. ओढा होता, गवत होते, कोवळे ऊन होते. फक्त त्या सगळ्याचा एकसष्टशी काही संबंध नव्हता. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात बेल वाजली. संचालिका वीस मिनिटे आधीच आल्या होत्या.

“सर, नमस्कार,” त्या शीतपेटी खाली ठेवत म्हणाल्या. “खाली एका गृहस्थांनी अडवलं. म्हणाले, वर जाऊ नका, दह्यात कोट्यवधी जंतू आहेत. म्हटलं, त्यांनाच न्यायला आलेय.”

त्यांनी टेबलावर अर्ज पसरला. सगळे आधीच टंकलेले होते. उगम: गवतावरील दव. संकलक: प्राध्यापकांचे पूर्ण नाव, पदव्यांसह. खाली सहीपुरती रिकामी रेघ. संचालिकांनी दह्याच्या डब्याकडे पाहून भुवया उंचावल्या, पण भांडी बदलतात हे त्यांनाही ठाऊक होते.

“इथे फक्त सही, सर.”

प्राध्यापकांनी पेन घेतले. मामा जमिनीकडे पाहत होते.

“करा सर,” ते हलकेच म्हणाले. “मी आजवर बोललो नाही. पुढेही नाही बोलणार.”

पेनाचे टोक कागदापासून केसभर अंतरावर थांबले. ती रेघ म्हणजेच ती कुपी, आणि ती कुपी म्हणजे मागे उरणे. एवढ्यावर हात चालायला हवा होता. पण प्राध्यापकांच्या डोक्यात, त्यांची परवानगी न घेता, एक हिशेब सुरू झाला होता. मामांच्या घरी दही रोज लागते. बत्तीस आणि दोन, चौतीस वर्षे. म्हणजे बारा हजारांवर वेळा हे वाण एका भांड्यातून दुसऱ्यात गेले. कापसाचा बोळा नाही, दिव्याची ज्योत नाही, चारी बाजूंनी धूळ, माणसे, वारा. आणि तरीही काचपट्टीवर एकही परका नाही. त्यांच्या नळीतले वाण आठवडाभर वीज गेली तर मेले, आणि ओट्यावरचे हे मात्र सगळ्या जगाला पुरून उरले. हे कसे घडले? कोण राखते त्याला इतके शुद्ध?

 ही अधीरता त्यांना ओळखीची होती. ती साठ नमुने वाया गेल्यानंतरच्या सकाळची होती.

“मामा,” त्यांनी पेन बंद केले, “हे तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“मला नाही सांगता येणार, सर. दही ही लावते. तिच्या माहेराहून आलंय. तिथे तिच्या आजीच्याही आधीचं म्हणतात.”

प्राध्यापकांनी ‘गवतावरील दव’ या शब्दांवर एक रेघ मारली. पुढच्या रकान्यातल्या स्वतःच्या नावावर दुसरी मारली. ती किंचित वाकडी गेली. मग त्यांनी संचालिकांना सगळे सांगितले, सुट्टीपासून शिंपीणबाईंच्या वाटीपर्यंत, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका चढत गेला की पत्नींनी खिडकी लावून घेतली.

“पण मग पहिल्यानंतरचे तुमचे अठरा निबंध?” संचालिकांनी विचारले.

“निबंध खरेच आहेत. फक्त पत्ता चुकला होता.” प्राध्यापक कोट काढून चप्पल शोधू लागले होते. “चला. किती वाजेपर्यंत तुम्हाला परतायचंय? आपल्याला मामींकडे जायला हवं. तापमान, प्रमाण, भांडं कशाचं, सगळं त्यांनाच माहीत.”

“मीही येते,” पत्नी म्हणाल्या. “मला विरजण हवंय.”

संग्रहालयाच्या गाडीत पुढे संचालिका आणि रस्ता दाखवायला मामा, मागे शीतपेटी मांडीवर घेऊन प्राध्यापक. वाटभर ते बोलत होते. आपण आजवर एकाच वाणाचा अभ्यास केला, घराचा केलाच नाही. भांड्याच्या आतला थर तपासायला हवा, फडके तपासायला हवे, दूध किती वेळ निवते ते मोजायला हवे. पत्नींनी त्यांना दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. दोन्ही वेळा त्यांनी ती हातात धरून पुढचे वाक्य सुरू केले.

मामींचे स्वयंपाकघर लहान आणि नीटनेटके होते. इतकी माणसे आपल्या दह्यासाठी आली आहेत, याचे त्यांना फारसे नवल वाटले नाही. दही चांगले लागते हे त्यांना माहीतच होते. संचालिकांनी अर्ज पुढे ओढून संकलकाच्या रकान्यात त्यांचे नाव लिहून घेतले आणि तापमान विचारले.

“बोट घालायचं. चटका बसायचा नाही, पण गार म्हणवायचं नाही.”

संचालिकांनी ते तसेच लिहिले. प्रमाण विचारल्यावर मामींनी चमच्याचे टोक दाखवले. संचालिकांनी चमचा मोजला.

ओट्यावर नुकतेच तापवलेले दूध निवत होते, त्यावर साय धरू लागली होती. प्राध्यापकांनी नव्या वहीचे पहिले पान उघडून तारीख घातली होती. राहवेना, तसे ते पुढे झाले आणि दुधाचा अंदाज घ्यायला त्यांनी बोट लांब केले.

मामींनी पातेले शांतपणे मागे ओढले.

“हात धुतलेत का, सर?”

स्वयंपाकघरात कुणी हसले नाही. प्राध्यापकांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

“नाही,” ते म्हणाले, आणि वही मामांच्या हाती देऊन नळाकडे गेले.